शुभेच्छुकांच्या रांगेत

४ नोव्हेंबर

दिवाळीला ऑफिसने यंदा काजूकतलीऐवजी २०२६ची डायरी दिली. सगळ्यांनी नाकं मुरडली. मी मात्र आजच सुरू करतेय, मागच्या पानांवर, छापील तारीख खोडून. कारण लिहिण्यासारखं काहीतरी घडलंय आणि ते सांगावं असं घरात कुणी नाही.

तर, मी डेटिंग ॲपवर आहे. लिहून टाकलं एकदाचं.

हे सगळं गीतांजलीचं काम. ती ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसते, कामोठ्याहून येते, आणि तिचा नवरा तिला असाच ॲपवर मिळाला. चांगला आहे बिचारा, भांडी घासतो. जेवणाच्या सुट्टीत तिने माझा मोबाईल घेतला आणि दहा मिनिटांत मला बाजारात उभी केली.

पण मी काही बावळट नाही. आमच्या जासईत कोणी शिंकलं तर नाक्यावरून औषध सुचवतात. म्हणून ॲपवर माझं नाव श्रुती, राहणार कामोठे. आडनाव नाही, ऑफिस नाही, नंबर नाही. फोटो एकच, पण झकास. चुलतबहिणीच्या हळदीतला, हिरव्या साडीतला. आजूबाजूचे नातेवाईक कापून टाकले, फक्त गोजरा आत्याचा कोपर राहिलाय. कोपरावरून कोण ओळखणार?

घरी कळलं तर मात्र खेळ खलास. मी एकोणतीस वर्षांची, बिनलग्नाची, आणि रोज द्रोणागिरीला नोकरीवर जाते. भावकीत हे सगळं फक्त बाबांच्या एका वाक्यावर टिकून आहे. कोणी विषय काढला की ते म्हणतात, "माज्या पोरीवर माजा भरवसा हाय." पाहुण्यांना म्हणतात. मला कधी म्हणाले नाहीत.

९ नोव्हेंबर

पाच दिवसांत एकोणीस 'हाय', आठ 'हाय डिअर' आणि एक 'जेवली का'. त्या 'जेवली का'ने पहिल्याच मेसेजात माझ्या आईची जागा घेतली. काढून टाकला.

आणि एक ऋषी. वय तेहतीस, मरीन इंजिनिअर, सध्या सुट्टीवर, सीवूड्सला राहतो. पांढरा शर्ट, मागे समुद्र. शुद्धलेखन बरोबर! रोज संध्याकाळी एकच प्रश्न विचारतो, "आज काय झालं ऑफिसात?" आणि मग खरंच ऐकतो. मी तीस ओळी लिहिते, तो दोन लिहितो. असा ऐकणारा माणूस मी आजवर पाहिला नव्हता.

१३ नोव्हेंबर

गीतांजली म्हणाली, "व्हिडिओ कॉल कर आधी. थोबाड बघ." मी विचारलं त्याला. त्याच्या मोबाईलचा कॅमेरा बिघडलाय. लाजतो असं वाटतं. जहाजावर राहणाऱ्या माणसांना सवय नसेल.

"तू त्याला काय काय सांगितलंस?" गीतांजलीने विचारलं. काही नाही सांगितलं! नाव नाही, गाव नाही. इकडचं तिकडचं फक्त. मंगळवारचा उपास असतो. ऑफिसची बस संध्याकाळी गेटवरूनच सुटते. कंटेनरची कागदपत्रं करून करून डोळे जातात. एक भाऊ आहे, ट्रेलरचा धंदा करतो, बावीस तारखेला वाढदिवस. आणि ऑफिसच्या गच्चीवरून काढलेला सूर्यास्ताचा फोटो पाठवला, त्यात मी नाहीच. बंदरावरच्या क्रेन आहेत नुसत्या. क्रेनवर काय माझं नाव लिहिलंय?

१७ नोव्हेंबर

ऋषीला माझा आवाज ऐकायचा होता. काय बोलावं सुचेना, म्हणून धवल्याच्या दोन ओळी म्हणून पाठवल्या. धवले म्हणजे आमच्यातल्या लग्नात बायका म्हणतात ती गाणी. आत्या गावातल्या सगळ्या लग्नांत म्हणते, तिच्याकडून माझ्या कानावर पडलेली. मग थोडं बोलले, की घसा सुकला, जरा पानी पिते.

त्याचं लगेच उत्तर आलं, "तू 'पानी' म्हणालीस. आणि हे गाणं. तू कामोठ्याची नाहीस. उरणकडच्या कुठल्यातरी गावची आहेस, हो ना?"

कॉलेजात याच एका 'न'वरून मला पोरींनी तीन वर्षं चिडवलंय. फोनवर साहेबांशी बोलताना मी प्रत्येक 'ण' जीभ वळवून वळवून काढते. आणि हा म्हणतो, "किती गोड वाटलं." कानाचा किती तयार माणूस! मी कबूल केलं, हो, उरणकडची. पण गाव सांगितलं नाही हं. त्याने चार गावांची नावं टाकून पाहिली. मी नुसती हसरी तोंडं पाठवली. मजा आली.

२० नोव्हेंबर

आज डोकं फिरलं होतं. आत्याने पुन्हा एक स्थळ आणलं. मुलगा चाळिशीचा, दोन डंपर आणि एक शेंडी. मी नाही म्हटलं तर दोन तास तोंडाचा पट्टा सुरू. बाबा टीव्ही बघत बसले. आई गेल्यापासून घरात कुणाचंही बोलणं असंच टीव्हीच्या आवाजात बुडतं.

सगळा राग ऋषीकडे ओकले. आत्या म्हणजे रणगाडा, भाऊ कुंदन म्हणजे गावाचा फुकटचा नगरसेवक, बाबा म्हणजे रिमोट धरलेला पुतळा. वर हेही लिहिलं, की घरात माझं ऐकणारं कुणी नाही, दिवसभरात मला काही विचारणारा तूच एक आहेस.

मग मोकळं मोकळं वाटलं. भाकरी पण फुगली आज.

२२ नोव्हेंबर

कुंदनशेटचा वाढदिवस! नाक्यावर भला मोठा फ्लेक्स. मधे तो, डोळ्यांवर गॉगल, हातात मोबाईल, जणू पलीकडून दिल्ली बोलतेय. आणि खाली शुभेच्छुकांची रांग.

या रांगेची एक लढाई आहे. मागच्या वर्षीपर्यंत त्यात फक्त पोरं असायची. चुलतभावाचा चार वर्षांचा पोरगासुद्धा शुभेच्छुक, पण मी नाही! मी तेव्हा घर डोक्यावर घेतलं होतं. पोरींची तोंडं काय भाड्याने आणली आहेत का? त्याचं फळ यंदा मिळालं. रांगेत पहिला नंबर माझा. चेहरा चांगला पोळपाटाएवढा. खाली ठसठशीत अक्षरांत, "आमच्या भगिनी कु. सुचिता वामन घरत, बी.कॉम., डॉक्युमेंटेशन एक्झिक्युटिव्ह, सागरदीप लॉजिस्टिक्स, द्रोणागिरी."

"ताय, खूश का?" कुंदनने विचारलं. मी त्याच्या डोक्यात टपली मारली. खूश होते खरंच. माझ्या व्हॉट्सॲपवरचा हिरव्या साडीतला फोटो उचलला होता त्याने, आत्याच्या कोपरासकट. येणारे-जाणारे ट्रेलरवाले मान वळवून बघत होते. बघा म्हटलं, घरतांच्या घरात पोरगीपण आहे.

२४ नोव्हेंबर

सकाळी ऋषीचा मेसेज, "गुड मॉर्निंग, सुचिता वामन घरत, बी.कॉम."

सोबत फोटो. आमचा फ्लेक्स. गाडीच्या काचेतून काढलेला, पुढे वडापावची गाडी. म्हणजे तो काल आमच्या नाक्यावर येऊन गेला. मी तेव्हा तिथून शंभर पावलांवर अंगणात केस वाळवत होते.

मला आधी हसायला आलं. खरंच. मग फोटो मोठा करून पाहिला. नाव पालटलं, गाव लपवलं, आणि तोंड तेच ठेवलं. तेही दहा फुटांच्या कापडावर, खाली पत्त्यासकट. बाकीचं सगळं मी स्वतःच हाताने भरवलं होतं त्याला.

मी लिहिलं, हे मला आवडलं नाही. तर म्हणाला, "शुक्रवारी तुमची बस सुटायच्या वेळेला गेटवर गाडी घेऊन येतो. एकटी ये. नाही आलीस तर सगळं चॅट कुंदनभाऊंना. नंबर दिलाय त्यांनी खाली, किती छान."

तोच ऋषी. शुद्धलेखन अजून बरोबर होतं.

२५ नोव्हेंबर

उपास. पण उपास नसता तरी जेवण गेलं नसतं.

कुंदनला म्हटलं, फ्लेक्स उतरव. तो म्हणाला, "तीन दिवसांत? लोक काय समजतील, पंचायतीनं काढला?" मग त्याने माझं तोंड बघितलं. त्याला वाटलं, मला त्याचा वाढदिवसच खुपतोय. त्याला रडू येईल असं वाटलं मला. मलाच आलं.

चॅट वर सरकवून पहिल्यापासून वाचलं. प्रेमाबिमाचं काही फार नाही हो त्यात. एक-दोन बदाम. पण रणगाडा आहे, पुतळा आहे. बाबांनी हे वाचलं तर? त्यांचं ते एक वाक्य संपलं की माझी नोकरी संपली, बस संपली, मग शेंडीवाला डंपर. एका वाक्यावर उभी आहे मी आणि तेच मी गहाण टाकलं.

२६ नोव्हेंबर

गीतांजलीला सांगितलं. मला वाटलं, म्हणेल, तुला बजावलं होतं. तिने आधी माझ्यासाठी चहा मागवला. मग म्हणाली, "मीच यात उतरवलं तुला, मलापण झोडपतील. चालेल. हे बघ, तो जे पाठवणारे ते घरी माहीत नाही म्हणून तुझी फाटलीये. घरी माहीत झालं तर त्याच्याकडे राहतं काय?"

"आत्याला रणगाडा म्हटलंय गं."

"ॲपवर गेल्यापेक्षा त्याचंच टेन्शन जास्त घेतलंयस तू."

खरं आहे. ब्लॉक मात्र अजून करू नको म्हणाली. सगळ्याचे स्क्रीनशॉट काढून ठेवायला लावले.

२७ नोव्हेंबर

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. घट मांडलेला, पूजा झालेली, आत्याने वडे-घारगे केलेले. सगळे पोटभर जेवले आणि मी टीव्ही बंद केला. आमच्या घरात जेवणानंतर टीव्ही बंद होणं म्हणजे कोणीतरी गेल्याची बातमी. बाबांनी विचारलंच, "कोन गेला?"

मी उभी राहिले आणि सांगितलं. ॲप, श्रुती, ऋषी, फ्लेक्स, उद्याची धमकी. मग म्हटलं, तो वाचून दाखवण्याआधी मीच वाचते. आणि वाचलं. शाळेत कविता म्हणतात तसं, हात मागे बांधायचे राहिले फक्त.

'रणगाडा' आला तेव्हा आवाज खाली केला.

"काय म्हनलीस? मोट्यानं वाच," आत्या.

"रणगाडा."

"म्हंजे काय रं, कुंदन?"

"लढाईतली गाडी, आत्या. कोनाला आयकत नाय, सगल्यांना चिरडत जाते."

आत्याने विचार केला. "त्या शेवंताला मी सरपंचाच्या दारात आडवी केली व्हती, तवा तू पालन्यात व्हतास," म्हणाली. तिला ते चक्क आवडलं! नगरसेवक ऐकून कुंदनने फक्त 'फुकटचा' शब्दाला हरकत घेतली. पण तो उद्या चार ट्रेलर घेऊन गेटवर जातो म्हणत होता.

बाबा हातातल्या रिमोटकडे बघत होते. पुतळा आला, तेव्हाही. मी ती शेवटची ओळ वाचली, घरात माझं ऐकणारं कुणी नाही ही. तेव्हा त्यांनी हात पुढे केला. मला वाटलं मोबाईल फोडतात. त्यांनी चष्मा लावला आणि पहिल्यापासून स्वतः वाचायला घेतलं. त्यांना मराठी टायपिंग वाचायला वेळ लागतो. आम्ही तिघं तसेच बसून राहिलो.

वाचून झाल्यावर म्हणाले, "उद्या कोनी गेटावर जायचं नाय. पोलिसात जायचं." आणि उठून गेले. टीव्ही लावला नाही.

मला ओरडले असते तर बरं झालं असतं.

२८ नोव्हेंबर

सुट्टी टाकली. बस सुटायच्या वेळेला गेटवर कोणी नाही हे बघून महाशयांनी खरंच कुंदनला सगळं पाठवलं. पुढे लिहिलं, "तुमच्या बहिणीचे प्रताप."

कुंदनने मला विचारून उत्तर दिलं, "आमी सगल्यांनी वाचलंय. आत्यानं पन. काय नवीन आसल तर पाठव."

पलीकडे दोन निळ्या खुणा आल्या आणि मग काही नाही. मी इतक्या दिवसांनी खदखदून हसले.

पण त्या नादात ऋषीबाळाने एक चूक केली. ॲपमध्ये तो नुसता ऋषी होता. कुंदनला पाठवायला त्याला स्वतःचा नंबर वापरावा लागला. पोलीस ठाण्यातल्या सरोजिनी मॅडमनी तेवढंच वहीत ठळक लिहून घेतलं. "धमकी लेखी दिली, वर नंबर दिला. असे हुशार रोज भेटोत," म्हणाल्या. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "ॲपवर जाणं गुन्हा नाही, पोरी. पण फोटो दोन ठिकाणी एकच नको, आणि रोजचा रस्ता, रोजची वेळ कुणाला देऊ नये. घरचे कुठे आहेत?"

"भायेर," कुंदन म्हणाला. बाबा बाहेर बाकावर बसले होते, स्वच्छ सदरा घालून, लग्नाला आल्यासारखे.

कुंदनने मॅडमना आपली योजना ऐकवली. फ्लेक्स! ऋषीचं तोंड, दहा बाय पंधरा, नाक्यावर, "यास ओळखा." छापायला टाकला म्हणाला. मॅडम खुर्चीतून उठल्याच. "थांबव आधी! तो फोटो त्याचा कशावरून? हे लोक स्वतःचं तोंड कशाला देतील?"

कुंदनने तिथल्या तिथे फोन केला. फ्लेक्सवाल्याचं मशीन सुरू व्हायचं होतं.

३ डिसेंबर

सरोजिनी मॅडमचा फोन आला. माणूस पकडला. ऋषी नाही, इंजिनिअर नाही, तेहतीसचाही नाही. आणखी दोन मुलींनी तक्रार दिलीये. पांढऱ्या शर्टातला कोणी भलताच, त्याचं नुकतंच लग्न झालंय आणि त्याला यातलं काहीच माहीत नाही. बिचारा त्याच्या घरी हळदीच्या अंगाने झोपला असेल आणि इकडे आमच्या नाक्यावर त्याला ट्रेलरवाल्यांनी ओळखलं असतं. मी आणि तो, न विचारता फोटो उचललेले, दोघेही शुभेच्छुकांच्या रांगेतले.

६ डिसेंबर

गावात कुणकुण लागलीच. आज चुलतकाका आले. चहा पिऊन मुद्द्यावर आले, की पोरीची नोकरी आता बंद करावी, दिवस वाईट आहेत. मी आत भांडी घासत होते. नळ बंद केला.

बाबा म्हणाले, "पोरीनं सोता उबं राहून सगलं सांगतलं. तुज्या घरात कोन सांगतो का काय?" मग मोठ्याने हाक मारली, "सुचिता! हिकडं ये." मी हात पुसत गेले. काकांकडे न बघता, माझ्याकडे बघून बाबा म्हणाले, "माजा तुज्यावर भरवसा हाय."

मी पुन्हा मोरीत गेले आणि नळ पूर्ण सोडला. रडण्याचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून.

२१ डिसेंबर

कुंदनला राहवत नाही. आता आत्याच्या पंच्याहत्तरीचा फ्लेक्स. आत्याचा जन्म कधीचा ते देवालाही ठाऊक नाही, पण आधार कार्डावर १ जानेवारी आहे.

पाच-सहा वेळा माझ्या खोलीच्या दारात येऊन गेला. शेवटी म्हणाला, "ताय, तुजा फोटो लावू का? नाय म्हनलीस तरी चालंल."

मला कुणी कधी विचारलं नव्हतं. ना फोटो उचलताना, ना स्थळ आणताना. मी म्हटलं, विचार करते. आणि केला. मी गायब झाले तर गाव म्हणेल, बघा, लपवली पोरीला. त्या रांगेत उभी राहायला मी भांडलेय. का सोडू जागा? त्या माणसासाठी?

नवा फोटो काढून दिला, कुठेही न टाकलेला. खाली फक्त 'सुचिता'. बी.कॉम. वगैरे सगळं खोडलं. फोन नंबर फ्लेक्सवर कुणाचाच नाही. कुंदनला नंबर काढताना दात काढल्यासारखं दुखलं. ॲपवरचा जुना फोटोही काढून टाकला. ॲप ठेवलंय. गीतांजली म्हणते, पुन्हा कुणी बोललं तर पहिल्या दिवशी व्हिडिओ कॉल, आणि शेजारी रणगाडा बसवायचा.

१ जानेवारी

आज पहिल्यांदा छापील तारीख खोडावी लागली नाही.

सकाळी फ्लेक्स लागला. मधे आत्या, नऊवारीत, नाकात नथ, कमरेवर हात. खाली कुंदनने स्वतःच्या मनाने एक ओळ टाकलीये, "घरतांचा रणगाडा." आत्या रिक्षा थांबवून स्वतः बघून आली. येताना वडापाव घेऊन आली सगळ्यांना.

मी ऑफिसातून परत आले तेव्हा बाबा ओट्यावर बसले होते. आत टीव्ही बंद. मी चपला काढत होते. त्यांनी घसा साफ केला.

"मंग? आज काय झालं हापिसात?"

मी जागच्या जागी थांबले. ते वाक्य मला आता ऐकवत नाही. त्यांच्या ते लक्षात आलं. नजर चुकवून म्हणाले, "त्या मोबाईलमदी वाचलेला. मानूस हलकट, पन रोज इचारायचा. मी काय कवा इचारला नाय तुला."

मी ओट्यावर बसले. म्हटलं, बाबा, आज काय झालं, एका कंटेनरचे कागद एका गावचे आणि माल भलत्याच गावचा. "मंग?" म्हणाले. मी सांगत गेले. आत्या दोनदा जेवायला बोलावून गेली.

आज लिहायला फारसं उरलंच नाही.